दुपारी एक ते चार घर बंद

चैत्र सरत आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. एरवी ‘जेवत नाही’, ‘चावतो’ आणि ‘अजून बोलत नाही’ या तीन तक्रारींवर वर्ष निघतं. एप्रिल-मेमधली पत्रं मात्र सगळी घामेजलेली असतात. त्यांतली सात या अंकासाठी निवडली. नावं गाळली आहेत, राहण्याची ठिकाणं तेवढी ठेवली. आणि नेहमीचं सांगणं: एकतीस वर्षं मी बालवाडीत पोरं सांभाळली, आई झाले, आता आजी आहे. डॉक्टर नाही. जिथं डॉक्टर लागतो तिथं मी तसं सांगतेच.

प्रश्न : आम्ही धायरीत सातव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. मुलगा सव्वादोन वर्षांचा. मी घरूनच नोकरी करते. मदतीला सासूबाई बार्शीहून आल्या आहेत. मुलगा दुपारी झोपतच नाही. दोनला गादीवर घेतलं की तीनपर्यंत धिंगाणा, मग रडून रडून साडेचारला झोपतो आणि रात्री अकराला टक्क जागा. एसी लावला की सासूबाई म्हणतात पोर आजारी पडेल, बंद केला की तो घामानं भिजतो. मीटिंग असली की मोबाइल हातात द्यावा लागतो, मग दिवसभर मनाला लागून राहतं. काय करू?

उत्तर : तुला अगं-तुगं करते, रागावू नकोस. माझी सून तुझ्याच वयाची आहे आणि तिचा मुलगा, म्हणजे आमचे साहेब, तुझ्या मुलाहून दोन महिन्यांनी धाकटे आहेत. त्यामुळे हे सगळं नाटक आमच्याही घरी रोज चालू आहे.

दोन वाजता गादीवर म्हणजे गाडी सुटून गेल्यावर स्टेशनात पोचणं. या वयाची पोरं दमली की झोपत नाहीत, पिसाळतात. तू जो धिंगाणा म्हणतेस तो झोपेचाच असतो. साडेअकराला ताट, बाराच्या सुमाराला ओल्या पंचानं अंग पुसणं, पडदे ओढणं आणि साडेबाराला आडवं. पहिले चार दिवस तो ऐकणार नाही. पाचव्या दिवशी त्याच वेळेला डोळे चोळायला लागेल. मात्र यासाठी सकाळी लवकर उठायला हवं. साडेआठपर्यंत लोळणारं पोर साडेबाराला कसं झोपेल?

सकाळी सहाला त्याला घेऊन खाली उतर. आपल्या पुण्याचा एक गुण अजून शाबूत आहे. दुपारी पारा चाळिशीला टेकला तरी एप्रिलात पहाटे बावीस-तेवीसवर उतरलेला असतो. ती दोन तासांची गार हवा आपण झोपेत घालवतो आणि मग दिवसभर उन्हाच्या नावानं खडे फोडतो. सहा ते आठ त्याला माती, दगड, कुत्रं, दूधवाला, सोसायटीचा झाडूवाला जे दिसेल ते बघू दे. नऊच्या आत घरात. आणि त्याच वेळी खिडक्या बंद. बंद म्हणजे बंद, पडद्यासकट. ‘हवा येऊ दे’ म्हणून भर दुपारी उघडी ठेवलेली खिडकी हवा आणत नाही, भट्टी आणते. सात वाजून गेले की सगळ्या खिडक्या उघडायच्या, रात्रभर उघड्याच ठेवायच्या. खिडकीला जाळी आणि गज आहेत ना, एवढं आधी बघ.

मी वाढले सदाशिव पेठेतल्या वाड्यात. हातभर जाड भिंती, माजघराला एक झरोका. जेवणं झाली की आजी दार लोटून घ्यायची आणि आम्हा सात पोरांना ओळीनं थंड फरशीवर निजवायची. कुणी कुजबुजलं की तिच्या बांगड्या वाजत, तेवढं पुरे होई. पुण्यातली दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात म्हणून सारा महाराष्ट्र आपल्याला हसतो. खुशाल हसू दे. लहान मूल असलेल्या घरानं उन्हाळ्यात तीच पाटी दाराला लावावी. कुरिअर नको, पाहुणे नकोत, मिक्सर नको.

तुझी खरी अडचण वरच्या मजल्याची आहे. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती ऊब सावकाश खाली सोडतो, म्हणून तुमच्या खोल्या दुपारपेक्षा संध्याकाळी जास्त तापत असणार. सोसायटीची परवानगी काढून गच्चीला पांढरा रंग मारून घ्या. चुन्याचे दोन हातही चालतात. खोलीतला फरक अंगाला कळतो. खर्च झेपणारा आहे.

आता एसी. तुझ्या सासूबाईंना गार हवेची भीती नाही, गार झोताची आहे, आणि ती अगदीच खोटी नाही. सव्वीसवर ठेव, वर पंखा हळू, झोत पोराच्या अंगावर नको, अंगात सुती बंडी. घामानं निथळलेल्या पोराला थेट गार खोलीत न्यायचं नाही, आधी पुसून घ्यायचं. हे सगळं त्यांच्यासमोर कर आणि रिमोट त्यांच्याच हातात दे. सांगते ते अनुभवानं सांगते. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी हाच तंटा होता आणि त्यात ‘पोर आजारी पडेल’ म्हणणारी मी होते. सुनेनं रिमोट माझ्या उशाशी ठेवला त्या दिवसापासून मी स्वतःच दुपारी एसी लावते. तंटा मोठ्यांचा असतो, पोराचं नुसतं नाव.

कूलर असेल तर तोही चांगला, कारण एप्रिलात आपली हवा कोरडी असते. फक्त समोरची खिडकी वीतभर उघडी हवी, नाहीतर खोली दमट होऊन चिकचिक होते. मेच्या शेवटी ढग जमायला लागले की कूलरचा उपयोग संपतो. टाकीतलं पाणी दर आठवड्याला ओतून टाकी घासायची. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून उडायला आठ-दहा दिवस पुरतात. आणि चालू कूलरला पोराचा हात लागता कामा नये. पत्र्याच्या कूलरला तर नाहीच नाही, त्यात वीज उतरते.

मोबाइलचं काय? जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते आहे की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी तासाभराहून जास्त पडदा नको, कमी असेल तितकं बरं. तुझी मीटिंग अर्ध्या तासाची असेल तर एवढं लावून घेऊ नकोस. फक्त जेवताना आणि झोपवताना देऊ नको, त्या दोन वेळांना एकदा चटक लागली की सुटत नाही. बाकीच्या वेळी आजीसमोर परातीत मोठे बटाटे, लिंबं, कांदे टाकून बसव. राजमा, पावटे नकोत, नाकात जातात. इकडून तिकडे, तिकडून इकडे. आमच्या साहेबांनी परवा चाळीस मिनिटं तीन कांदे आणि एक नारळ यांचं बिऱ्हाड हलवलं.

प्रश्न : मी सहकारनगरमधला आजोबा. रत्नागिरीहून दर वर्षी पेटी येते. नात पावणेदोन वर्षांची. सूनबाई तिला आंबा देऊ देत नाहीत. आंबा उष्ण, त्यानं पुटकुळ्या येतात म्हणतात. गेल्या आठवड्यात मी लपून एक फोड दिली आणि खरंच तोंडाभोवती लाल पुरळ उठलं. तेव्हापासून घरात मी गुन्हेगार आहे.

उत्तर : लपून दिलीत हे चुकलंच, आजोबा. आंब्याचा मात्र यात निम्माच दोष आहे.

तुम्ही फोड सालीसकट दिलीत ना? पुरळ ओठांभोवती आणि हनुवटीवर, जिथं साल घासली गेली तिथंच आलं असणार. देठाशी आणि सालीत जो चीक असतो तो नाजूक कातडीला झोंबतो. म्हणून आपल्या आया आंबे तासभर पाण्यात घालून ठेवायच्या आणि देठ मोडून पहिले चार थेंब पिळून टाकायच्या. ‘उष्णता निघते’ म्हणायच्या, निघायचा चीक. कारण काही का असेना, रीत बरोबर होती. धुवून, साल काढून, नुसता गर द्या. तरीही पुरळ आलं, ओठ सुजले किंवा उलटी झाली तर मात्र आंबा थांबवून मुलांच्या डॉक्टरांना दाखवा.

उन्हाळ्यात मानेवर, पाठीवर, काखेत येतं ते घामोळं. घामाची तोंडं बंद झाली की ते येतं, आंबा न खाणाऱ्यालाही येतं. त्याला गार पाण्यानं अंघोळ आणि सैल सुती कपडे एवढंच औषध. पावडरीचे थर देऊ नका. भुकटी पोराच्या श्वासात जाते.

पेटी घरी आली की गवत बाजूला करून प्रत्येक फळ हुंगून बघा. वास देठाजवळ घ्यायचा. सगळी पेटी एकसारखी पिवळीधमक, पण वास नाही आणि आत गर पांढरट, कडक असेल तर समजा कार्बाइडवर पिकवलाय. कायद्यानं त्याला बंदी आहे, तरी बाजारात तो चालतोच. कच्चा आणून घरीच अढी लावलेली सगळ्यात बरी. आणि सूनबाईंना बोलावून, त्यांच्यासमोर, अर्धी वाटी रस त्यांच्याच हातानं नातीला भरवायला लावा. तुम्ही फक्त आंबा पिळा. मग कोय चोखायला बाल्कनीत उघड्या अंगानं बसवा. नंतर तिला आणि बाल्कनीला एकदमच धुवायचं.

त्याच ओघात सांगते. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे केल्याशिवाय देऊ नका. जांभळाची, करवंदाची बी काढून द्या. ताडगोळा बुळबुळीत असतो, अख्खा घशात सरकतो, त्याचे बारीक तुकडे करा.

प्रश्न : उन्हाळा आहे म्हणून दीड वर्षाच्या मुलाचं टक्कल करावं का? (बिबवेवाडी)

उत्तर : नको. केस म्हणजे डोक्यावरचं छप्पर. बारीक कापा, तासू नका. जावळ काढायचं राहिलं असेल तर तो वेगळा विषय, तो तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांशी.

प्रश्न : आमच्याकडे गुरुवारी पाणी नसतं आणि मुलीला मात्र दिवसभर पाण्यातच खेळायचं असतं. धरणातलं पाणी आटल्याच्या बातम्या वाचायच्या आणि इकडे तिला टब भरून द्यायचा, हे पटत नाही. नाही म्हटलं की आकांत. (वारजे)

उत्तर : टब कशाला? एक घमेलं, त्यात दोन तांबे पाणी, एक चहाची गाळणी, दोन वाट्या. घमेलं बाल्कनीतल्या कुंड्यांजवळ ठेवा आणि तिला सांगा की हे पाणी तुळशीला घालायचं आहे. ती वाटीवाटीनं घालील. पाणी वाया जात नाही, तिला काम मिळतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मुख्यतः या चार धरणांवर पुणं पाणी पितं आणि मे महिन्यात चारही खंगलेली असतात. तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. दोन तांब्यांत मात्र कुठलंही धरण आटत नाही.

पण तुमच्या पत्रातल्या एका शब्दावर मी अडले. गुरुवारी पाणी नसतं. म्हणजे बुधवारी रात्री घरात बादल्या, पिंपं, पातेली भरून ठेवलेली असणार.

१९८४ मधली गोष्ट. मुलगा दीड वर्षाचा होता. दुसऱ्या दिवशी नळ यायचा नव्हता म्हणून मोरीत दोन बादल्या काठोकाठ भरून ठेवल्या होत्या. स्वयंपाकघर आणि मोरी यांच्यात सहा पावलं. दूध वर आलं म्हणून मी गेले, गॅस बंद केला, सायीवर फुंकर मारली, परत फिरले. बादलीतून दोन पाय वर आले होते. त्याचं फुलपात्र आत पडलं होतं, ते काढायला तो वाकला असणार. आवाज काहीच नव्हता. ना रडणं, ना पाणी उडाल्याचा आवाज. मी पाय धरून ओढलं, पालथं घातलं, पाठीवर मारलं, तो खोकला आणि मग रडला. ते रडणं ऐकून मी तिथंच ओल्या मोरीत बसले. सासूबाई देवघरातून ओरडल्या, ‘अगं, दूध उतू गेलं का?’

या वयात डोकं धडाच्या मानानं जड असतं. एकदा तोल गेला की हातांत स्वतःला मागे खेचायचं बळ नसतं. वीतभर पाणीही पुरतं. म्हणून बादल्यांना झाकणं, झाकणावर पाटा किंवा वरवंटा नव्हे, खटक्याचं घट्ट झाकणच. मोरीच्या दाराला वरून कडी. घमेल्यातला खेळही कुणीतरी शेजारी बसल्याशिवाय नाही, आणि खेळ संपला की घमेलं पालथं. त्या मुलाला आता त्रेचाळिसावं चालू आहे. मला अजूनही घरात भरलेली उघडी बादली दिसली की मी आधी तिच्यात डोकावते.

प्रश्न : मुलाला काल सकाळपासून पाच-सहा जुलाब झाले. आई म्हणते पाणी आणि दूध बंद कर, म्हणजे थांबतील. मी दुकानातून ओआरएस लिहिलेला फळाच्या चवीचा डबा आणला. बरोबर केलं ना? (हडपसर)

उत्तर : हे पत्र आलं त्याच दिवशी फोनवर उत्तर दिलंय, इतरांसाठी छापते. पाणी बंद करायचं नाही, उलट वाढवायचं. जुलाब आपण होऊन थांबतात, धोका अंगातलं पाणी जाण्याचा असतो. अंगावर पीत असेल तर पाजत राहा, मऊ भात, वरण, दही द्या.

गोड डबे म्हणजे ओआरएस नव्हे, त्यातल्या जास्तीच्या साखरेनं जुलाब वाढू शकतात. औषधाच्या दुकानातून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी मागा. मोठी पुडी साडेवीस ग्रॅमची, ती अख्खी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायची. ‘लहान आहे म्हणून अर्धी पुडी’ हा शहाणपणा करू नका, आणि पाण्याचं माप अंदाजानं घेऊ नका. केलेलं पाणी चोवीस तासांनी ओतून द्यायचं. चमच्या-चमच्यानं पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. झिंकचं औषध डॉक्टर चौदा दिवसांचं देतात, जुलाब थांबले तरी ते पूर्ण करायचं.

सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, रडताना पाणी नाही, मान टाकतोय, शौचात रक्त, यांतलं एक जरी दिसलं तरी माझं उत्तर वाचत बसायचं नाही. रिक्षा काढायची.

प्रश्न : संध्याकाळी दोन वर्षांच्या मुलीला कुठं न्यावं? यजमान म्हणतात मॉल, एसी असतो. (कर्वेनगर)

उत्तर : मॉलमध्ये तुमच्या यजमानांना गार वाटतं, पोरीला कुल्ले टेकायलाही जागा नसते. साडेपाचच्या पुढे सारसबागेत न्या. हिरवळ, तळ्यातला गणपती, आणि आपल्याएवढीच दुसरी पोरं. शेजारी पेशवे पार्क आहे, तिथली फुलराणी १९५६ मधली. मीही तिच्यात बसले आहे, अगदी फ्रॉकच्या वयात. निघायच्या आधी ती चालू आहे का याची चौकशी करा. गाडी बंद आहे हे दोन वर्षांच्या पोरीला समजावून सांगणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. कात्रजचं प्राणीसंग्रहालय मात्र उन्हाळ्यात नको. अंतरं फार, वाघ सावलीत पाठ करून निजलेला, आणि तुमच्या मुलीला आवडणार ती तिथली खार, जी कर्वेनगरातही आहे. तरी जायचंच असेल तर सकाळी उघडता उघडता जा, बुधवारी ते बंद असतं.

बागेतल्या घसरगुंडीला आधी आपल्या हाताचा तळवा लावून बघायचा. पत्रा संध्याकाळी सहालाही चटका देतो. आणि वाटेत ‘पाच मिनिटांत दूध घेऊन येते’ म्हणून पोरीला बंद गाडीत ठेवायचं नाही. गाडी दहा मिनिटांत तापते.

एक पत्र उरलंय. त्यात प्रश्न नाही, तक्रार आहे. औंधच्या एक बाई लिहितात की आई दर वर्षी गच्चीत कुरडया घालते, यंदा अडीच वर्षांच्या नातवानं सगळ्याचा विचका केला, आता वाळवण विकतच आणणार.

बाई, आणा विकत, पण एक घाणा घरी घालाच. तीन दिवस गहू भिजलेले, रोज पाणी बदललेलं, वरची निवळी ओतून खाली राहिलेला पांढराशुभ्र चीक, आणि तो शिजताना घरभर पसरणारा तो आंबूस वास. पहिला गरम चीक वाटीत काढून, वर तूप-साखर घालून, फुंकर मारून त्याला द्या. सकाळी साडेसातला गच्चीत, ऊन चढायच्या आत. सोऱ्याच्या दांड्याला त्याचा हात लावू द्या, दाबणार तुम्हीच. मग हातात एक काठी देऊन कावळे राखायला बसवा, आजीच्या शेजारी, सावलीच्या बाजूला.

आमच्या साहेबांनी गेल्या रविवारी राखण केली. कावळा एकही आला नाही. साडीवरच्या पहिल्या ओळीतल्या नऊ कुरडयांपैकी सहा उरल्या, आणि साहेबांच्या हनुवटीला ओला चीक होता. सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी कावळ्याचं नाव घेतलं.